बिल्बोचं फडताळ आणि सांगलीचा ओटा

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार ताई,

माझी लेक आठवीत आहे. मे महिन्याच्या सुट्टीत तिनं 'द हॉबिट' वाचलं, मग 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही खंड संपवले आणि तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. २२ सप्टेंबर हा बिल्बो आणि फ्रोडो या पुस्तकांतल्या दोन्ही नायकांचा, म्हणजे हॉबिट नावाच्या बुटक्या माणसांचा, वाढदिवस. त्या दिवशी आठ मैत्रिणींना बोलवायचं आणि पुस्तकातलं जेवण घालायचं, असं तिनं ठरवून टाकलंय. अडचण अशी की आमचं घर शाकाहारी, अंडंही चालत नाही, आणि तिच्या यादीत सशाचा रस्सा, पोर्क पाय, थंड चिकन असलं सगळं आहे. मोबाइलवर पाककृती बघितल्या तर निम्म्या वस्तूंची नावं कधी ऐकलेली नाहीत आणि उरलेल्यांत नुसते खायचे रंग. माझी जाऊ म्हणते, थालीपीठ लाव आणि त्यालाच लेंबास (पुस्तकातली प्रवासाची शिदोरी) म्हण, पोरींना काय कळतंय! लेक म्हणते, असं करणार असशील तर काहीच नको. सासूबाईंना तर या सगळ्याचा अर्थच लागत नाही. माझ्याकडे छोटा ओटीजी आहे, हाताला स्वयंपाकाची सवय आहे. बाकी काही नाही. काय करू?

— एक आई, सांगली

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुमची लेक बरोबर आहे, हे आधी सांगून टाकते. थालीपीठ मलाही जीव की प्राण, पण त्याला लेंबास म्हटलं की त्या ताटात ना धड थालीपीठ उरतं ना लेंबास. एवढी जाडजूड पुस्तकं संपवलेली मुलगी नाव बदलल्यानं फसणार नाही. तिला एका परक्या स्वयंपाकघरात डोकावायचंय, तर ते दार उघडून द्यावं. जाऊबाईंच्या बोलण्यातला अर्धा भाग मात्र मला पटतो: त्यासाठी परदेशी डबे मागवून पैसे घालवायची काही गरज नाही.

कारण या पुस्तकांचे लेखक टोल्कीन यांनी रंगवलेलं जेवण फार साधं आहे. जादूची नगरी म्हटली की आपल्याला निळी-जांभळी सरबतं आणि चमचमते केक आठवतात. तसलं या पुस्तकांत जवळजवळ काहीच नाही. आहे ते इंग्लंडच्या खेड्यातलं जेवण: ब्रेड, लोणी, चीज, जॅम, केक, बटाटे, अळंबी. टोल्कीन यांनी १९५८ साली एका पत्रात स्वतःबद्दल लिहिलंय की उंची सोडली तर मी हॉबिटच आहे, मला साधं चांगलं जेवण आवडतं, शेतात उगवलेली अळंबी आवडते आणि फ्रेंच पद्धतीचा स्वयंपाक अजिबात आवडत नाही. त्यांच्या लहानपणीची काही वर्षं बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल नावाच्या खेड्यात गेली. तिथं अळंबी तोडली म्हणून एक म्हातारा शेतकरी त्यांच्या मागे धावला होता. फ्रोडो लहानपणी मॅगट शेतकऱ्याच्या रानातली अळंबी चोरायचा आणि त्याच्या कुत्र्यांना घाबरायचा, हे लेकीला पाठ असेल. ही सेअरहोलची हकिगत तिला सांगा, तिचे डोळे कसे चमकतात बघा.

आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी, कारण ती कळल्यावर मला ही जेवणं वेगळी दिसायला लागली. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहायला सुरुवात झाली १९३७च्या अखेरीस आणि तो लिहून संपला १९४९ साली. मधल्या काळात युद्ध झालं. ब्रिटनमध्ये १९४० साली अन्नधान्याचं रेशनिंग सुरू झालं, ते युद्ध संपल्यावरही चालूच राहिलं. १९४६ ते १९४८ या काळात तर ब्रेडसुद्धा रेशनवर होता. शेवटचं उरलेलं मांस आणि बेकनवरचं नियंत्रण उठलं ४ जुलै १९५४ रोजी, आणि पहिला खंड प्रकाशित झाला त्याच महिन्याच्या २९ तारखेला. त्या खंडात मॅगटच्या बायकोनं टेबलावर आणून ठेवलेली अळंबी आणि बेकनची भलीमोठी थाळी आहे. टॉम बॉम्बाडिलच्या घरची पिवळीधमक साय, मधाचं पोळं, पांढरा ब्रेड आणि लोणी आहे. लोणी मोजून मिळत असतानाच्या काळात लिहून पूर्ण झालेल्या पुस्तकातली ही वाक्यं आहेत. त्यांत भूक आहे, आणि आपण शिजवायचा तो पदार्थ त्या भुकेला धरून असला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. म्हणून रंग, चमकी, साखरेची फुलं सगळं बाजूला ठेवा.

आता तुमच्या मुख्य अडचणीकडे येते. यादी पदार्थांच्या नावांवरून करू नका, प्रसंगावरून करा. लेकीला पुस्तकं पुन्हा उघडायला सांगा आणि विचारा: कोण कुणाच्या घरी जेवतंय? तिला दोन घरं अशी सापडतील जिथं मांस वाढलेलंच नाही. एक बॉम्बाडिलचं, वर सांगितलं ते. तिथं दूध, चीज, हिरवा पाला आणि पिकलेली बोरंबिरं आहेत. दुसरं 'हॉबिट'मधल्या बेऑर्नचं. हा दांडगा माणूस अस्वलाचं रूप घेतो, पण आपल्या जनावरांना मारून खात नाही, शिकारही करत नाही. त्याचं घर साय, मध, ब्रेड आणि सुक्यामेव्यावर चालतं. सासूबाईंना या गोष्टीत शिरायचं दार इथे आहे. त्यांना सांगा, एक राक्षसासारखा गडी आहे, त्याच्या दारी गाईगुरं आहेत, मधमाश्या आहेत आणि त्याच्या घरी मांस शिजत नाही. घरचं लोणी कढवायच्या आधी त्यांच्याकडून वाटीभर मागून घ्या. तुमच्या घरात विरजण आणि लोण्याची जबाबदारी कुणाकडे असेल ते मी न सांगताही ओळखते.

पोर्क पाय आणि चिकन सरळ सोडून द्या. सोयाचे तुकडे घालून 'शाकाहारी ससा' करायच्या भानगडीत पडू नका. मुलींनाही ते आवडणार नाही आणि पुस्तकाचाही मान राहणार नाही. सशाच्या रश्श्याबद्दल मात्र मला एक सुचवायचंय. दुसऱ्या खंडात फ्रोडोचा सोबती सॅम हा रस्सा रांधतो तेव्हा त्याला त्यात घालायला काय हवं असतं? गाजरं, सलगम आणि बटाटे. हंगाम असता तर त्यांच्या वाटाड्याला, गॉलमला, ते शोधायला लावलं असतं असं तो म्हणतो आणि गॉलम साफ नकार देतो. बटाट्यासाठी सॅमचा जीव किती तुटतो ते लेकीला आठवेल. (उकडा, कुस्करा, रश्श्यात टाका, हे वाक्य सिनेमातलं, पुस्तकात सॅम बटाट्याला रिकाम्या पोटाचा उत्तम भरणा म्हणतो.) त्याला न मिळालेल्या त्या तीन भाज्यांचा रस्सा तुम्ही करा. सॅमनं तो मुकाट्यानं, आवडीनं खाल्ला असता याची मला खात्री आहे.

रस्सा असा. जाड बुडाच्या पातेल्यात दोन मोठे चमचे लोणी, त्यावर दोन कांदे मोठे चिरून मंद आचेवर मऊ होईपर्यंत परता, लाल करू नका. सहा बटाटे, चार गाजरं, दोन सलगम मोठ्या फोडी करून घाला. सप्टेंबरात सलगम मिळालं नाही तर नवलकोल घ्या. मुळा नको, त्याचा वास सगळ्यावर चढतो. तमालपत्र, सुका थाइम, भरडलेली मिरी, मीठ, भाज्या बुडतील इतकं गरम पाणी. झाकण ठेवून पाऊण तास मंद आच. शेवटी चार-सहा बटाट्याच्या फोडी डावानं पातेल्यातच चेपा, रस दाटतो, मैदा लागत नाही. आपलं तमालपत्र आणि इंग्लंडमधलं बे लीफ ही दोन वेगळी झाडं. आपल्या पानाला तीन लांब शिरा असतात आणि वास दालचिनीकडे झुकतो, म्हणून एकच पान पुरे. थाइम मिळालाच नाही तर चिमूटभर ओवा चुरून घाला. दोन्हींच्या वासामागे थायमॉल हे एकच द्रव्य आहे, त्यामुळे चव फार भरकटत नाही. हळद घालायला आणि वरून फोडणी द्यायला हात शिवशिवेल. तो आवरा.

आता केक. मी सगळ्यात जास्त वेळ यावर घालवायला सांगेन, कारण 'हॉबिट'चं पहिलं प्रकरण या केकभोवती फिरतं. बिल्बोनं त्या दुपारी दोन सुरेख गोल केक भाजलेले असतात, स्वतःला रात्रीच्या जेवणानंतर तोंडात टाकायला. आणि त्याच्या घरी न बोलावता येऊन थडकलेल्या बौन्यांपैकी बॅलिन आल्या आल्या विचारतो, बियांचा केक आहे का घरात? बिल्बो तळघराकडे आणि फडताळाकडे पळतो. मनात धाकधूक की केक पुरला नाही तर यजमान म्हणून आपल्यालाच उपाशी राहावं लागेल, पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य. अवेळी पाहुणे आलेल्या कुठल्याही घरातल्या बाईला हे पान समजावून सांगावं लागत नाही. सासूबाईंना एवढा उतारा मराठीत सांगून बघा.

यातल्या बिया कॅरवेच्या. बाजारात 'शहाजिरे' म्हणून दोन वेगळ्या गोष्टी मिळतात, इथे गफलत होते. गोड्या मसाल्याला आपण वापरतो ते काळपट, बारीक, धुरकट वासाचं असतं. कॅरवे थोडं जाड, तपकिरी, विळ्यासारखं वाकलेलं, अंगावर फिक्या रेघा. चावलं की बडीशेपेच्या जवळ जाणारा थंडसर वास येतो. केकचं साहित्य विकणाऱ्या दुकानात किंवा मोठ्या किराणा दुकानात 'कॅरवे सीड्स' म्हणून मागा आणि पुडी फोडून दोन दाणे चावून बघा. साधं जिरं घालू नका, केक खारी बिस्किटासारखा लागेल.

अंड्याशिवाय सात इंची डब्यातला एक केक: ताजं घट्ट दही २५० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, दोन्ही फेटून साखर विरघळू द्या. त्यावर सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा छोटा चमचा खायचा सोडा शिंपडा आणि पाच मिनिटं हात लावू नका. मिश्रण फुगून वर बुडबुडे येतात. मग वितळवून कोमट केलेलं बिनमिठाचं बटर १०० ग्रॅम, दोन छोटे चमचे कॅरवे आणि १९० ग्रॅम मैदा तीन वेळा चाळून, हलक्या हातानं. पीठ एकजीव झालं की थांबायचं. जास्त फेटलं तर केक चिवट होतो. ओटीजी १८० अंशांवर आधी दहा मिनिटं तापवून घ्या, मग ३५ ते ४० मिनिटं भाजा. छोट्या ओटीजीत वरची सळई केकच्या फार जवळ असते, म्हणून २५ मिनिटांनी वर फॉइल टाका. दुसरा केक त्याच वेळी कुकरमध्ये होऊ शकतो: रिंग आणि शिट्टी काढून, तळाशी जाड मीठ पसरून, कुकर दहा मिनिटं तापवून, मग मंद-मध्यम आचेवर पाऊण तास. हा केक भाजल्याच्या दिवशी चांगला लागतो आणि दुसऱ्या दिवशी त्याहून चांगला, कारण बियांचा वास आतपर्यंत मुरतो. वर आयसिंग नको. चकाकी नको. बिल्बोनं काही लावलं नव्हतं.

बेऑर्नच्या मधाच्या केकांबद्दल पुस्तकात नेमकी माहिती आहे: ते दोनदा भाजलेले असतात, खूप दिवस टिकतात, थोडे खाल्ले तरी लांब चालता येतं, आणि खाल्ल्यावर तहान लागते. म्हणजे मऊ केक नकोच, टोस्टच्या जातीचा कडक पदार्थ हवा. इथे तुमच्या घरात वाद होण्याची शक्यता आहे, कारण मध तापवू नये असं आपल्या बहुतेक घरांतली वडीलधारी माणसं मानतात. सासूबाईंनी हरकत घेतली तर हट्ट करू नका. पिठात ६० ग्रॅम गूळ किसून घाला आणि मध खायच्या वेळी वरून द्या. कणीक १५० ग्रॅम, मैदा ५० ग्रॅम, बटर ६० ग्रॅम, पाऊण छोटा चमचा बेकिंग पावडर, मूठ-दीड मूठ बदाम-अक्रोडाचे तुकडे आणि बेदाणे, गोळा होईल इतकं दूध. त्याची लांबट चपटी वडी थापून १८० अंशांवर २५ मिनिटं भाजा. पंधरा मिनिटं निवू द्या, धारदार सुरीनं तिरके काप करा, काप आडवे मांडून १५० अंशांवर पुन्हा वीसेक मिनिटं, मध्ये एकदा उलटून. हे आठवडाभर आधी करून डब्यात भरून ठेवता येतात. मध आधी लावून ठेवला तर नरम पडतील. एक वाटी मध मध्ये ठेवा, मुली बुडवून खातील.

बेदाण्यांचा विषय निघालाच आहे तर मिन्स पाय करा. तासगावचा बेदाणा दारात असताना हा पदार्थ सोडणं म्हणजे गुन्हा आहे. बिल्बोच्या घरी बौने मिन्स पाय आणि चीज मागतात. जुन्या काळी यात मांस आणि जनावराची चरबी असे, हल्ली इंग्लंडमध्ये सारणात मांस नसतं, फळं, सुकामेवा आणि मसालेच मुख्य असतात, त्यामुळे इथे तुम्ही फारसं काही बदलत नाही. दोन सफरचंदं किसून, १५० ग्रॅम बेदाणे आणि काळ्या मनुका, थोडा गूळ, ४० ग्रॅम बटर, दालचिनी, जायफळ, दोन लवंगांची पूड, संत्र्याची किसलेली साल. दहा-बारा मिनिटं आटवून पूर्ण गार करा. पारीला २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम गार बटर, मीठ आणि तीन-चार चमचे बर्फाचं पाणी. बटर बोटांच्या टोकांनी चोळा, तळव्यानं नको, तळवा गरम असतो. कपकेकच्या साच्यात पारी, त्यात सारण, वर झाकण, झाकणाला एक छेद. १९० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं. करंजी करणाऱ्या हाताला हे काही अवघड नाही, फक्त तळायचा मोह नको.

अळंबी आता बटन मश्रूम म्हणून कुठेही मिळते. लोखंडी तवा कडक तापवा, जाड काप एकाच थरात पसरा, मीठ घालू नका. आधी पाणी सुटेल, ते पूर्ण आटून कडा तपकिरी होईपर्यंत हलवत बसू नका. मग लोणी, ठेचलेला लसूण, मिरी, मीठ, दोन मिनिटं, संपलं. गर्दी केली की मश्रूम भाजले न जाता शिजतात आणि रबरासारखे लागतात, म्हणून दोन-तीन घाणे काढा. बेकनच्या जागी काही घालू नका. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते: पावसाळा आहे, शेताच्या बांधावर, झाडाच्या बुंध्याशी अळंबी उगवलेली दिसेल, आणि पुस्तकातल्या पोरांसारखी ती तोडून आणावी असं मुलींना वाटेल. पिढ्यान्पिढ्या ती ओळखणारी माणसं कोकणात, गोव्यात, डोंगरभागात आहेत. ती ओळख वाचून येत नाही. विषारी अळंबी दिसायला अगदी निष्पाप असते. घरी येणाऱ्या आठही जणींना हे तोंडानं सांगा.

लेंबासची कृती पुस्तकात दिलेलीच नाही, ती करणाऱ्या एल्व्ह लोकांनी, म्हणजे पुस्तकातल्या अमर जमातीनं, ती कुणाला सांगितली नाही. वर्णन मात्र आहे: पातळ वड्या, बाहेरून फिकट तपकिरी, आतून सायीच्या रंगाच्या, पानात गुंडाळलेल्या, पान न उघडता ठेवल्या तर पुष्कळ दिवस ताज्या राहतात आणि एक वडी दिवसभराच्या चालीला पुरते. त्यामुळे हे मिष्टान्न करू नका. मोबाइलवरच्या बहुतेक पाककृती लेंबासला साखरेत बुडवतात, ते मला पटत नाही. रोज उठून पुन्हा तेच खाता आलं पाहिजे अशी ती शिदोरी आहे. १५० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम तांदळाचं पीठ, दोन मोठे चमचे दूध पावडर, ५० ग्रॅम पिठीसाखर, १०० ग्रॅम बटर, गोळा जमेल इतकी साय. बोटाच्या निम्म्या जाडीची पोळी लाटून चौकोन कापा, सुरीनं वर फुली ओढा, १८० अंशांवर पंधरा-अठरा मिनिटं. पुरत्या गार झाल्यावरच केळीच्या पानात बांधा, नाहीतर पानाला घाम सुटून वड्या लिबलिबीत होतात. पान आधी गॅसवर सरकवत शेकून पुसून घ्या म्हणजे घडी घालताना चिरत नाही. हळदीचं पान सांगलीत सहज मिळेल आणि दिसायलाही देखणं, पण त्याचा वास पातोळ्यांना शोभतो, इथे तो सगळं व्यापून टाकेल.

लेंबासच्या शेजारी थोडं क्रॅमही ठेवा, हा माझा आग्रह. क्रॅम म्हणजे लेक-टाउनच्या माणसांची प्रवासातली बिस्किटं. पुस्तक म्हणतं, टिकतात खूप, पण चघळण्याचा व्यायाम यापलीकडे त्यात काही नाही. गिम्ली नावाचा बौना लेंबास पहिल्यांदा हातात घेतो तेव्हा ते क्रॅमच आहे असं समजून नाक मुरडतो, कोपरा चाखतो आणि सगळं संपवून टाकतो. कणीक, मीठ, पाणी. पातळ लाटून, काट्यानं टोचून, १५० अंशांवर पाऊण तास वाळेपर्यंत भाजलं की झालं क्रॅम. जाड ठेवू नका, दातांची काळजी घ्या. मुलींना आधी क्रॅमचा एक तुकडा चावायला द्या आणि मग लेंबास उघडू द्या.

प्यायला चहा. त्या गोंधळाची सुरुवातच चहाच्या वेळी होते आणि बिल्बो पहिल्या पाहुण्याला चहाच विचारतो. किटलीत कोरा चहा, दूध-साखर वेगळी. आलं-वेलची त्या दिवसापुरती बाजूला. चहा नको असलेल्या मुलींना सफरचंदाचा रस दालचिनी घालून गरम करून द्या. बौने बियर आणि पोर्टर मागतात, ते राहू दे.

लेकीला कामाला लावाच, आणि नुसतं लाटायला-चिरायला नको. प्रत्येक पदार्थ कोणत्या प्रकरणात, कुणी, कुणाला वाढला, हे तिनं शोधून एकेका चिठ्ठीवर लिहावं आणि ताटलीजवळ ठेवावं. बौन्यांच्या त्या जेवणात लोणी लावलेले स्कोन, रासबेरी जॅम, सफरचंदाचा टार्ट, चीज हेही आहे. यातलं काय निवडायचं हा निर्णय तिचा. पण पाच-सहा पदार्थांवर थांबायचं हे तुम्ही सांगायचं. सहा वेळा जेवणारे हॉबिट, हे पुस्तकातच आहे, पण तिथेही पुढे लिहिलंय: मिळालं तर. रासबेरी जॅम महाबळेश्वरकडचा घ्या, त्यात फळ भरपूर असतं. चीज घेताना मुरलेलं चेडर थोडंसंच घ्या आणि पाकिटावरचा हिरवा ठिपका बघा, कारण काही चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं जमवतात आणि सासूबाईंना ते चालणार नाही.

हॉबिटांची एक रीत तुम्हाला कदाचित लेकीनं सांगितली असेल: ज्याचा वाढदिवस, तो इतरांना भेटी देतो. परतभेट म्हणून प्लॅस्टिकच्या वस्तू आणू नका. केळीच्या पानातल्या दोन-दोन लेंबास प्रत्येकीच्या हातात द्या, पानावर दोरा बांधून.

वेळेचं गणित असं ठेवा. मधाचे टोस्ट आणि क्रॅम आठवडाभर आधी. मिन्स पायचं सारण तीन दिवस आधी करून फ्रिजमध्ये. आदल्या दिवशी दोन्ही केक, लेंबास आणि पारीचा गोळा. त्या दिवशी सकाळी रस्सा आणि पाय. रस्सा संध्याकाळी पुन्हा तापला की जास्त रुचतो. स्कोनचं कोरडं पीठ, म्हणजे २२५ ग्रॅम मैदा, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर, दोन चमचे साखर, चिमूट मीठ आणि ५५ ग्रॅम बटर, चोळून फ्रिजमध्ये ठेवून द्या. मुली चपला काढून आत आल्या की त्यात दीडशे मिली गार दूध घालून गोळा करा, दोन बोटं जाड थापा, वाटीनं सरळ खाली दाबून कापा (वाटी फिरवली तर कडा चिकटतात आणि स्कोन फुगत नाही), २२० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं. तेवढ्या वेळात दुसऱ्या शेगडीवर मश्रूमचा पहिला घाणा निघतो. स्कोन सुरीनं कापू नका, हातानं मधोमध उघडा आणि सासूबाईंचं लोणी लावायला सासूबाईंनाच बसवा.

तुमची,
ताई